बोलणं : एक रेग्युलर क्रियापद

स्पॅनिशचा पहिला तक्ता आम्ही दोघींनी मिळून फ्रिजवर चिकटवला होता. पुढचे काळ मात्र मला एकटीला शिकावे लागले…

स्पॅनिशच्या कुठल्याही क्लासला जा, पहिल्या-दुसऱ्या तासाला फळ्यावर एक शब्द बहुतेक येतोच : 'आब्लार'. म्हणजे बोलणं. स्पेलिंगच्या सुरुवातीला 'एच' असतो, पण तो नुसता शोभेचा, उच्चारायचा नाही. हे क्रियापद सगळ्या शिक्षकांचं लाडकं असण्याचं कारण साधं आहे. ते रेग्युलर आहे. अगदी सरळमार्गी. शेवटचा 'आर' काढा, उरलेल्या 'आब्ल'ला प्रत्यय जोडा, झालं काम! हे एक पाठ झालं की त्याच साच्यात हजारो क्रियापदं बसतात. 'बोलणं सोप्पं असतं,' असं आमचे पुण्यातले सर म्हणायचे. तेव्हा पटलंही होतं.

या क्लासला मला ओढून नेलं माझ्या रूमीने. रूमी म्हणजे रूममेट, पण चार वर्षं एका फ्लॅटमध्ये काढल्यावर तो शब्द नात्याचाच होऊन जातो. कोथरूडचा टू बीएचके, एकच कंपनी, एकच फ्लोअर, एकच स्कूटी. पेट्रोल एकदा तिचं, एकदा माझं. 'अगं, आपला क्लायंट माद्रिदचा. कॉलवर म्यूट करायचं विसरून ते लोक आपसांत काय पुटपुटतात, कळायला नको?' हे तिचं लॉजिक. बॅच शनिवारी सकाळी आठची. शनिवारी सकाळी आठ! मी जोरदार विरोध केला आणि नेहमीप्रमाणे तिच्यामागे स्कूटीवर जाऊन बसले.

पहिल्याच आठवड्यात फ्रिजवर तक्ता लागला. आब्लो, मी बोलते. आब्लास, तू बोलतेस. आब्ला, ती बोलते. आब्लामोस, आपण बोलतो. आब्लाइस, तुम्ही बोलता. आब्लान, ते बोलतात. बोलणारा मुलगा असो की मुलगी, स्पॅनिश क्रियापदाला काही फरक पडत नाही. 'बोलतो' आणि 'बोलते' दोन्हींना 'आब्लो'च. 'मी', 'तू' गाळले तरी चालतात, कारण कोण बोलतंय ते शेपटीवरूनच कळतं. आपण नाही का नुसतं 'येतेस का?' विचारत, तसंच.

दोघींनी दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेलं, त्यामुळे पाठांतराची चाल आपोआप तीच लागली. एकदा भांडी घासता घासता ती थांबली. 'ए, वदामि-वदसि-वदति म्हण. आता शेवटचं. वदामः, वदन्ति. आणि इकडे? आब्लामोस, आब्लान!' 'आम्ही'चा तो 'म' आणि 'ते'चा तो 'न' दोन्हीकडे हजर होता. हा योगायोग नाही. स्पॅनिश ही लॅटिनची लेक, आणि लॅटिन-संस्कृत लांबच्या बहिणी. प्रत्यय घराण्यातूनच आलेले. पुढे तिनेच शोधून काढलं की 'आब्लार'चं मूळ लॅटिनमधल्या 'फाबुलारी'त आहे, म्हणजे गप्पा मारणं. 'फाबुला' म्हणजे गोष्ट. त्या 'फ'चा आधी 'ह' झाला, मग तोही गळाला, आणि स्पेलिंगमध्ये तेवढा मुका 'एच' उरला. असलं काही सापडलं की तिचा दिवस मस्त जायचा. मला परीक्षेपुरतं पुरे होतं.

सांगायचा मुद्दा हा, की तिचं स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, क्लासमधल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त ऑफिसातल्या आमच्या लीडला माहीत नव्हतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात माद्रिदला ऑनसाइट जायची जागा निघाली. एकच. ती तेव्हा आजीच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस साताऱ्याला गेली होती. लीडने मला केबिनमध्ये बोलावलं. 'तुम्ही दोघीही स्पॅनिश शिकता ना? तिचं कसं आहे?'

मी म्हटलं, 'शिकतेय अजून.'

दोन शब्द. तसं पाहिलं तर खोटंही नाही, शिकतच होती की! पण मी ते ज्या सुरात म्हटलं, तो सूर मला माहीत आहे. लीडने मान डोलावली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

डिसेंबरात तिला कळलं. लीडच सहज बोलून गेला, 'तुझं अजून कच्चं आहे असं कळलं, नाहीतर…' त्या रात्री ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त बोलणं बंद केलं. चार जानेवारीला पहाटे मी बॅगा घेऊन निघाले, तेव्हा तिच्या खोलीत दिवा चालू होता आणि दार बंद होतं. फ्रिजवरचा तक्ता तसाच होता.

माद्रिदला मला लावापिएस भागात खोली मिळाली. बांगलादेशी दुकानांमुळे तिथे कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्यांची चिंता नाही. ऑफिसचं काम इंग्लिशमध्ये चालायचं, बाकी सगळं जग स्पॅनिशमध्ये. सप्टेंबरपासून कंपनीच्या खर्चाने संध्याकाळचा क्लास सुरू झाला. इथे शिक्षिकेला नावाने किंवा नुसतं 'प्रोफे' म्हणतात. पुण्यात आमची गाडी वर्तमानकाळापर्यंतच आली होती. भूतकाळ इथे सुरू झाला.

आणि कळलं की स्पॅनिशमध्ये रोजच्या बोलण्यातले साधे भूतकाळ दोन आहेत.

पहिला 'इंदेफिनिदो'. एकदा घडलं आणि संपलं, असं काही सांगायचं असेल तर हा. आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. मी बोलले, तू बोललीस, तो बोलला, असं. यातला 'आब्लो' जपून म्हणायचा. सुरुवातीच्या 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलते', शेवटच्या 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. लिहिताना फरक फक्त 'ओ'वरच्या एका तिरक्या रेघेचा. त्या रेघेसरशी माणूसही बदलतो आणि काळही.

दुसरा 'इम्पर्फेक्तो'. आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. हा सवयीचा काळ. रोज घडायचं, नेहमी घडायचं, किंवा घडत होतं. वर्गातल्या अमेरिकन मुलाची इथे पार वाट लागली, कारण इंग्लिशमध्ये एकच साधा भूतकाळ दोन्हीकडे खपून जातो. मी मात्र खुशीत. आपल्याकडे 'बोलले' वेगळं आणि 'बोलायचे' वेगळं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. 'काल आई फोनवर बोलली' आणि 'आई तासन् तास फोनवर बोलायची' यांत गफलत करणारा मराठी माणूस मी तरी पाहिला नाही. पहिल्यांदाच वर्गात माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

पुस्तकात दोन्ही काळ एकत्र दाखवणारं वाक्य होतं : मी टीव्ही बघत होते, तेवढ्यात फोन वाजला. बघणं पसरट, म्हणून इम्पर्फेक्तो. वाजणं नेमकं, म्हणून इंदेफिनिदो. एक म्हणजे पडद्यामागचं नेपथ्य आणि दुसरं म्हणजे स्टेजवरचा प्रवेश, असं मी वहीत लिहून ठेवलं.

मग होमवर्क आलं. जुन्या मित्र-मैत्रिणीवर दहा वाक्यं. मला विषय शोधावा लागला नाही. आम्ही एका घरात राहायचो. स्कूटीवरून ऑफिसला जायचो. रात्री ओट्याशी उभं राहून मॅगी खायचो. ती व्याकरण समजवायची, मी पेंगायचे. आम्ही खूप बोलायचो. दहाच्या दहा वाक्यं बरोबर! खाली प्रोफेने हिरव्या पेनने लिहिलं होतं : 'छान. पण मग काय झालं?'

तिचा आक्षेप निव्वळ व्याकरणाचा होता. दहा वाक्यांत एकही इंदेफिनिदो नव्हता. सगळं नेपथ्य, प्रवेश एकही नाही. मी त्या शेऱ्याकडे मेट्रोत बराच वेळ बघत बसले. सोल स्टेशनला उतरायचं होतं, पुढे निघून गेले.

तेव्हा लक्षात आलं की वर्षभर मी हेच करत होते. आईशी बोलताना, इथल्या कलीग्जना फोटो दाखवताना, स्वतःच्या डोक्यातसुद्धा. 'आम्ही किती बोलायचो!' 'किती मजा करायचो!' सगळा 'यचो'चा कारभार. त्यात कुणी काही केलेलंच नसतं. नुसतं व्हायचं, असायचं, राहायचं… आणि मग कसं कोण जाणे, राहायचं थांबायचं. नोव्हेंबरातल्या त्या दोन शब्दांना 'यचो'त जागाच नव्हती. कारण ते मी एकदा बोलले होते. एका दिवशी, एका केबिनमध्ये. आब्ले. मी बोलले.

त्याच सुमारास तक्त्यातली आणखी एक भानगड कळली. 'आब्लामोस' दोनदा येतं! वर्तमानातही आब्लामोस, इंदेफिनिदोतही आब्लामोस. 'आपण बोलतो' आणि 'आपण बोललो' यांत अक्षराचाही फरक नाही. खाण्याच्या क्रियापदाचं तसं नाही. 'कोमेर'चं 'कोमेमोस' म्हणजे खातो, 'कोमिमोस' म्हणजे खाल्लं. पण 'बिबिर', म्हणजे राहणं, त्याचंही तेच. बिबिमोस, राहतो. बिबिमोस, राहिलो. जेवणात घोळ नाही. बोलण्यात आणि एकत्र राहण्यात मात्र घोळ! प्रोफेला विचारलं, तर म्हणाली, आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. 'काल' असेल तर झालं-गेलं, 'रोज' असेल तर चालू.

मराठीत घोळ भलतीकडेच आहे. तिच्याशी बोलताना मी 'आपण बोलायचो' म्हटलं असतं. तिच्याबद्दल दुसऱ्यांशी बोलताना 'आम्ही बोलायचो' म्हणावं लागतं. स्पॅनिशला 'आपण' आणि 'आम्ही' एकच. आणि मी अख्खं वर्ष 'आम्ही'च म्हणत होते, कारण 'आपण' म्हणायला समोर ती लागते.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी पलीकडच्या डेस्कवरची मुलगी जॅकेट चढवत मला म्हणाली, 'लुएगो आब्लामोस.' मी गोंधळले. आत्ता? काल? काय बोललो आपण? तिने दारातून हात हलवला आणि गेली. नंतर कळलं, हे इथे निरोपाचं वाक्य आहे. 'नंतर बोलू.' रूप वर्तमानाचं, पण रोख पुढचा. आपण नाही का 'उद्या येते' म्हणत? म्हणजे 'आब्लामोस'ने आता तिन्ही काळ खिशात टाकले होते.

नोव्हेंबरात क्लासने वेग घेतला. भविष्यकाळ सोपा निघाला. इथे 'आर' कापायचासुद्धा नाही, अख्ख्या 'आब्लार'ला शेपटी लावायची. आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. क्रियापद कुठल्याही गटातलं असो, शेपट्या याच. आणि त्या शेपट्या म्हणजे मुळात एक वेगळं क्रियापद आहे, 'आबेर', जवळ असणं. जुन्या काळी लोक 'आब्लार ए' असं म्हणायचे, म्हणजे साधारण 'मला बोलायचं आहे'. ते दोन शब्द चिकटून 'आब्लारे' झालं, आणि 'बोलायचंय'चं 'बोलेन' झालं. रूमीला हे कळलं असतं तर तिने तिथल्या तिथे उडी मारली असती. मी फोन काढला, चॅट उघडलं, बंद केलं. बोलायचंय, बोलायचंय, असं म्हणत मीही दहा महिने काढले होते. माझं चिकटून 'बोलेन' काही होत नव्हतं.

त्या पाठोपाठ कंडिशनल. आब्लारिया, आब्लारियास, आब्लारिया, आब्लारियामोस, आब्लारियाइस, आब्लारियान. 'बोलले असते गं, पण…' या जातीचा काळ. सबबींसाठी एकदम बेस्ट! वेळ असता तर बोलले असते. तिने आधी मेसेज केला असता तर बोलले असते. वाढदिवसाला बोलले असते, पण बरोबर दिसलं असतं का? या काळात मी फाडफाड बोलू लागले. प्रोफे खूश.

आणि डिसेंबरच्या शेवटच्या तासाला आला परफेक्तो. 'ए आब्लादो', मी बोलले आहे. 'एमोस आब्लादो', आपण बोललो आहोत. पुढे 'आबेर'ची छोटी रूपं, ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन, आणि मागे न बदलणारं 'आब्लादो'. इंदेफिनिदोपेक्षा वेगळं काय? स्पेनमध्ये, निदान माद्रिदकडे, नियम असा : ज्या काळाबद्दल बोलताय तो अजून चालू असेल, तर परफेक्तो. आज, या आठवड्यात, या वर्षी. तो काळ संपला असेल, काल, गेल्या महिन्यात, गेल्या वर्षी, तर इंदेफिनिदो. लॅटिन अमेरिकेत बरेच लोक दोन्हीकडे इंदेफिनिदोच वापरतात. पण प्रोफे माद्रिदची, नियमाला पक्की.

'या वर्षी काय केलं, काय नाही केलं? एकेक वाक्य लिहा.' कुणी मॅरेथॉन पळालं होतं, कुणी सिगरेट सोडली नव्हती. मी लिहिलं : 'या वर्षी मी माझ्या मैत्रिणीशी बोललेले नाही.' प्रोफेने वाचलं, बरोबरची खूण केली आणि म्हणाली, 'टेन्स बरोबर आहे. वर्ष अजून संपलेलं नाही.' मग ती पुढच्या बाकाकडे गेली.

एकतीस तारखेला ऑफिस दुपारीच रिकामं झालं. रात्री सगळे प्वेर्ता देल सोलला जाणार होते. तिथल्या घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची, हा इथला रिवाज. मी खोलीवर द्राक्षं धुऊन ठेवली आणि घड्याळ बघितलं. हिवाळ्यात पुणे माद्रिदच्या साडेचार तास पुढे असतं. म्हणजे माझं वर्ष रात्री बाराला संपणार होतं, पण तिचं संध्याकाळी साडेसातलाच. त्यानंतर तिच्या बाजूने टेन्स बदलणार.

पावणेसातला मी चॅट उघडलं. शेवटचा मेसेज एका वर्षापूर्वीचा, तिचा : 'दूध आण.' मी आधी लिहिलं, 'आपण किती बोलायचो ना…' खोडलं. मग लिहिलं, 'तू असतीस तर तूही…' खोडलं. सगळे काळ वापरून झाल्यावर एकच उरला.

'त्या दिवशी लीडने विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. तुझं स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि ते मला माहीत होतं. जागा एकच होती म्हणून मी तसं म्हटलं. सॉरी.'

पाठवलं. मग राहवलं नाही म्हणून खाली एकच शब्द टाकला : 'आब्लामोस?'

दोन निळ्या खुणा आल्या. मग काहीच नाही. सात वाजले. सव्वासात. मी द्राक्षं मोजली. चौदा निघाली, दोन खाऊन टाकली. सात वीसला स्क्रीन उजळला.

'टेन्स कुठला?'

मला आधी हसू आलं, मग रडू आलं. मी टाइप करत होते, तेवढ्यात फोन वाजला.

ना हॅलो, ना हॅपी न्यू इयर. 'खोटं बोललीस,' ती म्हणाली.

'हो. बोलले.'

'मला वाटलं होतं तू म्हणशील, गैरसमज झाला.'

'नाही. गैरसमज नव्हता.'

बराच वेळ दोघी गप्प. मग तिच्याकडून फटाक्यांचे आवाज यायला लागले. तिच्याकडे नवीन वर्ष लागलं होतं, माझ्याकडे जुनंच चालू होतं. तिने सांगितलं की आजी मार्चमध्ये गेली. मला माहीत नव्हतं. आजी माझ्यासाठी कायम लसणाची चटणी पाठवायची. मी 'अगं, कळवायचंस तरी' म्हणणार होते, पण गिळलं. तिने दुसरी कंपनी धरली होती. स्पॅनिश सोडलं होतं. 'तक्ता फाडला मी,' ती म्हणाली. 'जानेवारीतच.' मी म्हटलं, 'बरोबर केलंस.'

सगळं मिटलं, असं नाही. चाळीस मिनिटांत तिने तीनदा 'असो' म्हटलं, आणि तिचं 'असो' मी ओळखते. सोलला जायचं राहूनच गेलं. बारा द्राक्षं मी खोलीत टीव्हीसमोर एकटीने खाल्ली, नववं घशात अडकलं. पण फोन ठेवण्याआधी मी तिला 'आब्लार ए'ची गोष्ट सांगितली. ते दोन शब्द कसे चिकटले आणि 'बोलायचंय'चं 'बोलेन' कसं झालं, ती. पलीकडे क्षणभर शांतता. मग तिला राहवलं नाही.

'आणि कंडिशनलची शेपटी? तीही आबेरचीच असणार. बघितलंस का?'

'नाही गं. बघते.'

'बघ,' ती म्हणाली. 'चल. बोलू.'